बाळाचे वजन वाढेना? आईचीही विचारपूस करा

लसीकरणाच्या दिवशी दीड महिन्याचे बाळ काट्यावर ठेवले जाते. वजन कमी भरले की प्रश्न सुरू होतात. दूध पुरते का, वरचे दूध देता का, जुलाब झाले होते का? शेजारी बसलेल्या आईला झोप लागते का, तिचे मन रमते का, हे सहसा कोणी विचारत नाही. या दोन गोष्टींचा संबंध मात्र आपल्या शेजारच्या गोव्यात दोन दशकांपूर्वीच दिसून आला आहे.

म्हापसा येथे बाळंत झालेल्या मातांचा डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला. तो 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के माता नैराश्याने ग्रस्त होत्या. त्यातल्या निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनंतरही बऱ्या झाल्या नव्हत्या. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि मुलगी झाल्याची नाराजी ही कारणे ठळक होती. पुढच्याच वर्षी त्यांनी बाळांविषयीचे निष्कर्ष मांडले. नैराश्य असलेल्या मातांची बाळे सहा महिन्यांची झाली तेव्हा त्यांच्यात कमी वजनाचे प्रमाण जास्त होते आणि बौद्धिक विकासही मागे होता.

हे घडते कसे? भुकेले बाळ रडण्याआधीच मूठ चोखते, तोंड इकडे तिकडे वळवते. खचलेल्या, झोप न झालेल्या आईच्या नजरेतून या खुणा सुटतात. सततच्या ताणात पान्हाही नीट फुटत नाही. मग ‘हिला दूधच नाही’ म्हणून बाटली येते, बाटलीपाठोपाठ जुलाब आणि वजन आणखी घटते. शिवाय आईने डोळ्यांत पाहून बोलणे, बाळाच्या हुंकाराला उत्तर देणे, यातूनच त्याचा मेंदू घडत असतो. काही जणींना पहिल्या दिवसांत बाळाविषयी माया वाटत नाही. त्या वाईट आई नसतात. ओढ हळूहळूही लागते.

मराठवाड्यात पहिले बाळंतपण माहेरी करतात. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयातून घरी गेलेल्या बाळंतिणीला शेक, तेल, डिंकाचे लाडू मिळतात. खरा लाभ लाडवांचा कमी आणि घरकाम दुसऱ्याने उचलण्याचा अधिक! ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबात मात्र सव्वा महिन्याची विश्रांती कुठली? दवाखान्यात बाळंत झालेल्या मातेकडे आशाताई तिसऱ्या दिवसापासून 42 व्या दिवसापर्यंत सहा वेळा येतात. नंतरची ठरलेली भेट थेट तिसऱ्या महिन्यात. नेमक्या याच काळात अनेक जणी सासरी परततात. गाव बदलते, ओळखीची आशाताई सुटते. म्हापशात नैराश्य आढळले तेही याच सुमारास. मधल्या काळात उरते ते लसीकरण. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसींना आई येतेच. तिथे दोन मिनिटे तिच्याशी बोलायला वेगळा कर्मचारी लागत नाही. त्यासाठी 1987 पासून वापरात असलेली, अवघ्या दहा प्रश्नांची एडिनबरा प्रश्नावली आहे. सासूबाई शेजारी उभ्या असताना ती भरून घेऊ नये, एवढेच!

तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणे बहुतेकींना होते आणि दोन आठवड्यांत ओसरते. त्यापुढेही उदासी, बाळाचा तिटकारा, अपराधी भावना टिकली तर डॉक्टरांना दाखवावे. रक्तक्षय आणि थायरॉइडही तपासून घ्यावे. समुपदेशनाने अनेक जणी बऱ्या होतात. औषध लागलेच तर सर्ट्रालिनसारखी गोळी दुधातून फार थोडी उतरते, त्यामुळे अंगावरचे पाजणे सहसा तोडावे लागत नाही. गोळी मनाने घेऊ नये, तशीच मनाने बंदही करू नये.

हजारात एक-दोन जणींना मात्र पहिल्या दोन-तीन आठवड्यांत भास होतात, झोप पूर्ण उडते, त्या असंबद्ध बोलू लागतात. हे बाहेरचे लागणे नव्हे. तिला आणि बाळाला एकटे न सोडता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. जीव द्यावासा वाटतो असे ती म्हणाली तरी हेच करावे. टेलिमानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीतून बोलता येते. भरती करावे लागले तर बाळ हिरावले जाईल अशी भीती घरच्यांना वाटते. पण 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार तीन वर्षांखालील मुलाला उपचार घेणाऱ्या आईपासून सहसा वेगळे करता येत नाही.