पहिलंच पॅकेट फुगतं तेव्हा

नेटवर्कवरची पॅकेटं दाखवणाऱ्या वायरशार्कच्या पडद्यावर ओळी सरकत होत्या. ब्राउझर सर्व्हरला पहिल्यांदा हाक मारतो त्या क्लायंट हॅलोवर मित्राने बोट ठेवलं. "बघ, दोन पॅकेटं झाली." एक्स२५५१९ची सार्वजनिक किल्ली ३२ बाइटांची. आता तिच्याबरोबर क्वांटम संगणकालाही फुटू नये म्हणून बनवलेली एमएल-केईएम-७६८ची किल्ली जाते, ती १,१८४ बाइटांची. इथरनेटच्या पॅकेटात मावतात १,५००. बाकी मजकूर धरला की हॅलो उतू जातो.

जुन्या किल्लीचं कुलूप फोडणारा क्वांटम संगणक अजून कुणी उभा केलेला नाही, मग आत्ताच ही उठाठेव कशाला? कारण आजची वाहतूक कुणी साठवून ठेवली, तर पीटर शोर यांच्या १९९४च्या अल्गोरिदमने ती पुढे उघडता येईल. आजचा ओटीपी तेव्हा कुचकामी असेल, रुग्णाचा अहवाल मात्र तसा नसेल. म्हणून किल्लीची देवाणघेवाण आधी. प्रमाणपत्रावरची सही थोडी थांबू शकते; जोडणी होताना ती तपासली की तिचं काम संपतं.

जुनी किल्ली मात्र काढलेली नाही. कडीही लावायची, कुलूपही. नव्या गणितावर एकदम सगळा भार टाकायची कुणाची छाती नाही, आणि ते योग्यच. निस्ट या अमेरिकी मानक संस्थेच्या निवडप्रक्रियेत चौथ्या फेरीपर्यंत पोचलेली साइक ही पद्धत २०२२मध्ये एका कोअरवर तासाभरात फुटली होती. एमएल-केईएमचं मानक तर ऑगस्ट २०२४मध्येच जाहीर झालं.

त्या दुपारी अडलं ते गणितापाशी नव्हे. ऑफिसातली एक अंतर्गत साइट उघडेना. वाटेत वाहतूक तपासणाऱ्या जुन्या बॉक्सने पहिला तुकडा वाचला, तोच पूर्ण हॅलो समजला आणि जोडणी तोडली. संदेश एकाच पॅकेटात येईल असं टीसीपीने कधीच कबूल केलेलं नाही. इतकी वर्षं तो येत होता, एवढंच. २०२४मध्ये क्रोम १२४ने अशी जोडकिल्लीची पद्धत डेस्कटॉपवर आपोआप सुरू केली, तेव्हाही अशीच ओरड झाली होती. "ब्राउझरमध्ये बंद करून टाकू का?" कुणीतरी विचारलं. मित्राने नकारार्थी मान हलवली. बंद केलेलं पुन्हा कोण चालू करतं?

दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायच्या एसएसएचकडे मात्र सुख होतं. ओपनएसएसएच १०.० ही जोडकिल्ली आपणहून निवडतं. तपशील दाखवायला सांगितलं की लॉगमध्ये नाव दिसतं, झालं.

खरी वजनदार पाळी सह्यांची. सह्यांसाठीच्या एमएल-डीएसए या नव्या पद्धतीची लहानात लहान सहीसुद्धा २,४२० बाइटांची, आणि एका जोडणीत सह्या अनेक. मित्राने बॉक्स बदलण्याची मागणी खरेदी विभागाकडे टाकली आहे.