उकिरड्याची दैना

बारा वर्षांनीं उकिरड्याचीही दैना फिटते, अशी आपल्यांत एक म्हण आहे. हालअपेष्टांत दिवस काढणाऱ्या माणसाला धीर देण्यासाठीं ती म्हणतात; म्हणणाऱ्याच्या मनांत त्या वेळीं खरा उकिरडा नसतोच. आज मात्र मी या म्हणीचा अक्षरशः अर्थ घेणार आहें. एकानें टाकून दिलेल्या केरांत दुसऱ्याला मोलाची वस्तु सांपडली, अशा गोष्टी आपण नेहमीं ऐकतों आणि त्या नशिबाच्या खात्यावर मांडून मोकळे होतों. पण थोडें खोलांत शिरून पाहिलें, तर नशिबाचा वांटा त्यांत फार थोडा असतो असें दिसून येतें. तें कसें, हें आपल्या पायाखालच्या एका आणि दूरदेशच्या एका उदाहरणानें सांगावें, असा माझा हेतु आहे.

प्रथम पायाखालचें उदाहरण घेऊं. मुंबईच्या झवेरी बाजारांत सोनाराच्या कारखान्यांतील केर कोणी रस्त्यावर टाकून देत नाहीं. तो विकला जातो. दागिना घडवितांना कानशीनें घासलेल्या सोन्याचा कीस उडतो, जोडकाम करतांना बारीक कण निसटतात, आणि ते फरशीच्या फटींत, पायपुसण्यांत, हातपाय धुतलेल्या पाण्यांत जाऊन बसतात. हा केर विकत घेऊन त्यांतून सोनें काढणाऱ्या माणसाला मराठींत झारेकरी असा स्वतंत्र शब्द आहे. झारेकरी तो केर जाळतो, कुटतो, आणि पाण्यांत कालवून पसरट भांड्यांत हेलकावतो. सोनें पाण्याच्या १९ पटींहून अधिक जड, तर वाळू जेमतेम अडीच पटींच्या आसपास. म्हणून हलकें तें वाहून जातें आणि जड तें तळाशीं राहतें. मग तो त्यांत पारा घालतो. पारा मातीला शिवत नाहीं, पण सोन्याचा कण दिसला कीं त्याला आपल्यांत सामावून घेतो. शेवटीं आंच देऊन पारा उडविला म्हणजे खालीं सोनें उरतें. पाऱ्याची वाफ विषारी असते, आणि तिची किंमत हा धंदा करणाऱ्याच्या शरीराला मोजावी लागते, हेंही येथें सांगितलें पाहिजे.

या धंद्यांत नशीब कोठें आहे? लोहाराच्या दुकानाचा केर झारेकरी घेत नाहीं. सोनें कोठें सांडतें हें त्याला ठाऊक असतें, तें मातीपासून निराळें कसें करावें ही विद्या त्याच्यापाशीं असते, आणि चिमूटभर कणांसाठीं टोपलीभर माती धुण्याची चिकाटीही असते. ज्ञान, विद्या आणि चिकाटी या तिहींच्या बळावर तो उकिरड्याची दैना फेडतो. मात्र सोनें कुजत नाहीं, ही एक मोठी सवलत त्याला मिळालेली आहे. आज न धुतलेली माती त्यानें दहा वर्षांनीं धुतली, तरी त्यांतलें सोनें तसेंच असतें. जी वस्तु कुजते, तिचें काय, या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं आतां आपल्याला इजिप्तांत जावें लागेल.

कैरोच्या दक्षिणेस सुमारें १०० मैलांवर, नाईल नदीच्या बहर युसूफ नांवाच्या फांट्याच्या कांठीं, अल-बहनसा म्हणून एक गांव आहे. ग्रीक आणि रोमन अमदानींत तेथें ऑक्सिरिंकस नांवाचें भरभराटलेलें शहर होतें. तें एका जिल्ह्याचें मुख्य ठिकाण असल्यामुळें तेथें कचेऱ्या होत्या, बाजार होते, शाळा होत्या, नाटकगृह होतें. आणि अशा सर्व शहरांत असतो तसा केरही होता. नागरिक तो गांवाबाहेर वाळवंटाच्या कडेला नेऊन टाकीत. फुटकीं भांडीं, राख, गवत, काड्याकुड्या, आणि त्यांबरोबर निकामी झालेले कागद. कागद म्हणजे आपला आजचा कागद नव्हे. पपायरस नांवाच्या लव्हाळ्याच्या गाभ्याच्या पट्ट्या एकमेकींवर दाबून तयार केलेलीं तीं पानें होत. जुन्या सरकारी दप्तराच्या टोपल्याच्या टोपल्या तेथें ओतल्या जात. शतकांमागून शतकें हा क्रम चालला आणि केराच्या टेकड्या झाल्या. पुढें शहर ओस पडलें, टेकड्यांवर वाळू चढली. त्या भागांत पाऊस जवळजवळ पडतच नाहीं, आणि नाईलच्या पुराचें पाणी त्या टेकड्यांच्या माथ्यापर्यंत पोंचलें नाहीं. त्यामुळें कोणीही जतन न केलेली ती रद्दी दीड हजार वर्षें आणि त्याहूनही अधिक काळ कोरडी राहिली.

१८९६ सालच्या हिवाळ्यांत ऑक्सफर्डचे दोन तरुण पंडित, बर्नार्ड ग्रेनफेल आणि आर्थर हंट, तेथें आले. त्यांनीं प्रथम दफनभूमि खणून पाहिली, कारण मोलाची वस्तु थडग्यांत असते अशी सर्वांचीच समजूत होती. तेथें विशेष कांहीं हातीं लागलें नाहीं. तेव्हां ११ जानेवारी १८९७ रोजीं त्यांनीं केराच्या एका बुटक्या टेकडीला कुदळ लावली. कागद निघूं लागले. दुसऱ्या दिवशीं निघालेल्या एका चुरगळलेल्या तुकड्यावर हंट यांना एक ग्रीक शब्द दिसला: ‘कार्फोस’. त्याचा अर्थ कुसळ. दुसऱ्याच्या डोळ्यांतलें कुसळ दिसतें, पण आपल्या डोळ्यांतलें मुसळ दिसत नाहीं, या आपल्या म्हणीसारखेंच एक वचन बायबलांत येशूच्या तोंडीं आहे, आणि त्यांत नेमका हाच शब्द आहे. तो पाहतांच हंट थबकले. पान साफ करून वाचलें, तों त्यावर येशूचीं म्हणून दिलेलीं वचनें होतीं, आणि त्यांतलीं कांहीं बायबलांत कोठेंच नव्हतीं. पुढें १९४५ सालीं इजिप्तांतच नाग हम्मादी येथें कॉप्टिक भाषेंतील जुनीं हस्तलिखितें मिळालीं. त्यांच्या अभ्यासावरून हीं वचनें ‘थॉमसचें शुभवर्तमान’ या लोप पावलेल्या ग्रंथांतलीं, असा उलगडा झाला. उकिरड्यांतून निघालेल्या या मोठ्या संपत्तीची खूण एका कुसळानें पटावी, यांत मोठी मौज आहे. पण मजूर शेंकडों चुरगळलेले तुकडे आणीत असतां त्यांतील या एका शब्दावर नजर अडली, ती हंट यांना ग्रीक आणि बायबल दोन्ही मुखोद्गत असल्यामुळें. नुसती टेकडी खणणारा तो तुकडा ओलांडून पुढें गेला असता.

खणणारे मजूरही कांहीं कमी जाणते नव्हते. मातींत काड्याकुड्या मिसळलेला एक विशिष्ट थर असतो. त्याला ते ‘अफश’ म्हणत, आणि तो लागला कीं कागद जवळ आहेत हें ओळखीत. रोजाशिवाय सांपडलेल्या कागदांबद्दल त्यांना बक्षीसही मिळे, नाहींतर ते तुकडे परस्पर व्यापाऱ्यांच्या हातीं गेले असते. ही रद्दी बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांत भरून ऑक्सफर्डला गेली. १९०३ ते १९०७ या काळांत दोघांनीं पुन्हां तेथें खोदकाम केलें. एकंदर तुकड्यांची संख्या ५ लाखांच्या घरांत जाते. त्यांच्या वाचनाचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला; आजवर ८० हून अधिक खंड निघाले आहेत, आणि तरीही बहुतेक तुकडे अजून वाचून प्रसिद्ध व्हावयाचे आहेत. झारेकऱ्याची चिकाटी ती हीच.

या केरांत काय निघालें? सोफोक्लीझ या श्रेष्ठ नाटककाराच्या एका हरवलेल्या नाटकाच्या सुमारें ४०० ओळी निघाल्या. सॅफो या कवयित्रीच्या, पिंडार या कवीच्या नष्ट झालेल्या रचनांचे अंश निघाले. युक्लिडच्या भूमितींतील एक आकृति निघाली. परंतु वाङ्मयाचा भाग एकंदरींत थोडा. अधिक आहेत त्या पावत्या, अर्ज, करारनामे आणि घरगुती पत्रें. थेऑन नांवाचा एक मुलगा आपल्या बापावर रुसला आहे, कारण बाप त्याला न घेतां शहरास गेला. आतां मी तुम्हांला पत्र लिहिणार नाहीं, वाद्य पाठविलें नाहीं तर जेवणार नाहीं, पाणी पिणार नाहीं, असा दम तो अशुद्ध ग्रीकमध्यें भरतो. हें पत्र वाचतांना मधलीं अठराशें वर्षें कोठें गेलीं, तें कळत नाहीं.

दुसरें एक पत्र इसवी सनापूर्वीं पहिल्या वर्षाचें आहे. हिलारिऑन नांवाचा मनुष्य पोटासाठीं अलेक्झांड्रियास राहिला आहे. घरीं बायको गरोदर आहे. लहान मुलाची काळजी घे, मजुरी हातीं येतांच पाठवितों, असें तो मायेनें लिहितो; आणि त्याच दमांत सांगतो कीं, मुलगा झाला तर ठेव, मुलगी झाली तर टाकून दे. त्या काळीं नकोशीं अर्भकें गांवाबाहेरच्या उकिरड्यावर टाकीत, आणि कोणी तीं उचलून वाढवी, पुष्कळदां गुलाम म्हणून. त्या कागदांत ‘कोप्रेउस’ अशीं नांवें भेटतात. त्याचा अर्थ उकिरड्यावरचा. कांहीं मुलांना तें तेथें सांपडल्यामुळें पडलें असेल. कांहींना, आपल्याकडे मुलें जगत नसलीं म्हणजे दगडू, धोंडू, केरू अशीं नांवें ठेवीत, तसें दृष्ट लागूं नये म्हणूनही ठेवलें असेल. पण केरांत मोल शोधण्याची गोष्ट सांगतांना हें पत्र वगळतां येत नाहीं. टाकलेला कागद वांचला. टाकावयास सांगितलेल्या मुलीचें पुढें काय झालें, तें कोणत्याही कागदावर नाहीं. राजांच्या शिलालेखांत असली गोष्ट कधीं खोदली जात नाहीं. जी जपून ठेवावी असें कोणाला वाटलें नाहीं, तीच साक्ष अधिक खरी असते, आणि केराचें खरें मोल यांतच आहे.

त्याच उकिरड्यानें हिंदुस्थानालाही एक ठेव दिली आहे. १९०३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पपायरसावर ग्रीक प्रहसन आहे. कारितिऑन नांवाची ग्रीक तरुणी हिंदी महासागराच्या किनाऱ्यावर एका देवळांत अडकलेली आहे. तिचा भाऊ आणि एक विदूषक तेथील राजाला दारू पाजून तिला सोडवितात. राजा आणि त्याचे लोक मधूनमधून एका अनोळखी भाषेंत बोलतात. ई. हुल्ट्श या जर्मन पंडितानें १९०४ सालीं ती कानडी असावी असें मत मांडलें; कांहींनीं तें उचलून धरलें, कांहींनीं ती नुसती बडबड ठरविली. वाद मिटलेला नाहीं. पण हिंदुस्थानाचें नांव काढून इजिप्तांतले प्रेक्षक इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत हंसत होते, एवढें निश्चित.

आतां या चित्राची दुसरी बाजू पाहा. त्याच टेकड्यांची माती आसपासचे शेतकरी ‘सबख’ या नांवानें खत म्हणून नेत असत. त्या मातीबरोबर किती कागद शेतांत गेले, याची मोजदाद नाहीं. शेतकऱ्यांना दोष देतां येत नाहीं; त्यांना पीक हवें होतें आणि त्यांच्या दृष्टीनें तें खतच होतें. टेकडी एकच, एकाला ती खत, एकाला ग्रंथालय. फरक टेकडींत नव्हता.

हा फरक आपल्याही घरांत पडलेला आहे. इतिहासाचार्य राजवाडे गांवोगांव फिरून जुन्या वाड्यांच्या माळ्यांवरचीं मोडी दप्तरें पाहूं लागले, तेव्हां कित्येक घरांत तीं अडगळ म्हणूनच पडलेलीं होतीं. त्यांतून १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड निघाला, आणि पानिपतच्या काळांतील माणसें आपल्याच अक्षरांत बोलूं लागलीं. या मालेचे पुढें २२ खंड झाले. १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें.

परंतु आपली हवा इजिप्तची नाहीं. येथें चार महिने पाऊस आहे, दमट भिंती आहेत, वाळवी आहे. झारेकऱ्याचें सोनें कुजत नाहीं, ऑक्सिरिंकसचा कागद वाळूनें राखला. आपल्या मोडी कागदाला यांपैकीं कोणतेंच संरक्षण नाहीं. म्हणीनें उकिरड्याला बारा वर्षांची मुदत दिली आहे, पण आपल्याकडे कागद तेवढीं वर्षें वाट पाहत नाहीं. शिवाय मोडी वाचणारेही आज थोडे उरले आहेत.

म्हणून एवढेंच सांगणें आहे. घर आवरतांना, वाडा पाडतांना, आजोबांच्या पेटींतला रुमालांत बांधलेला गठ्ठा हातीं आला, तर तो रद्दीवाल्याच्या तराजूंत घालण्यापूर्वीं त्याची गांठ सोडावी आणि मोडी जाणणाऱ्याला एकदां दाखवावा. बहुधा त्यांत सावकाराचा हिशेब किंवा लग्नाची यादी निघेल. तीही वाचून घ्यावी. थेऑनचें रुसवा धरलेलें पत्रही त्याच्या घरच्यांनीं निकामी म्हणूनच टाकलें होतें.