चिकट काळी जमीन आणि वाफसा

दख्खनच्या पठारावरील भारी काळी जमीन कसदार म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु मृगाच्या पावसाने ती भिजली म्हणजे माणसाचा पाय, जनावराचा खूर आणि वखराची पास ही तिन्ही तिच्यात सारखीच अडकतात. या जमिनीचा स्वभाव ओळखून वागणाऱ्यास ती भरभरून देते. घाई करणाऱ्यास मात्र तिचा फटका संपूर्ण हंगामभर सोसावा लागतो.

चिकटपणाचे कारण

बेसाल्ट खडकाची झीज होऊन ही माती तयार झाली आहे. तिच्यातील चिकणमातीचे कण ०.००२ मिलिमीटरहूनही बारीक व पापुद्र्यासारखे चपटे असतात. पापुद्र्यांच्या थरांत पाणी शिरले की माती फुगते व चिकटते. पाणी आटले की ती आकसते आणि जमिनीला भेगा पडतात.

जनावरांवरील परिणाम

अशा चिखलातून चालताना घोड्याच्या खुराच्या पोकळीत माती घट्ट बसते. प्रत्येक पाऊल उपसून काढावे लागल्याने जनावर लवकर थकते, पाय मुरगळतो, नाल निखळतो. खूर सतत ओला राहिल्यास तळव्याची मऊ गादी कुजून दुर्गंधी सुटते. मराठ्यांच्या घोडदळाच्या मोहिमा पावसाळा संपल्यावर, दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर निघत. भरलेल्या नद्यांप्रमाणेच चिखलाच्या वाटाही त्यास कारण होत्या. बिऱ्हाड घोड्यावर लादून फिरणाऱ्या मेंढपाळांना ही अडचण आजही ठाऊक आहे. बैलांच्या खुरांच्या बेचक्यातही चिखल व खडे अडकून जखमा होतात. म्हणून रोज सायंकाळी खूर बोथट आकड्याने साफ करून धुवावेत, कोरडे करावेत व जनावर मुरूम पसरलेल्या उंच जागी बांधावे.

पिकांवरील परिणाम

मातीतील पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना हवा मिळत नाही. पाने पिवळी पडतात, वाढ खुंटते आणि तुरीसारखे पीक साचलेल्या पाण्यात उभे वाळते. पुढे पावसाने ताण दिल्यास भेगा रुंदावून मुळे तुटतात व खोलवरची ओलही उडून जाते.

घाईचे दुष्परिणाम

खरी कसोटी पेरणीच्या वेळी लागते. शेजाऱ्याची तिफण सुरू झालेली असते. भाड्याची बैलजोडी वा ट्रॅक्टर एकाच दिवसापुरता मिळणार असतो. अशा वेळी थांबणे कठीण जाते. परंतु ओल्या रानात औत घातल्यास माती दाबली जाते, तिची ढेकळे वाळून दगडासारखी होतात आणि खाली कठीण थर तयार होतो. त्यातून ना पाणी मुरते, ना मूळ शिरते. जड ट्रॅक्टरने हे नुकसान अधिकच खोल जाते.

वाफशाची परीक्षा

पेरणीच्या खोलीवरील मूठभर माती घेऊन तिचा गोळा करावा व तो कमरेच्या उंचीवरून खाली टाकावा. गोळा फुटून माती मोकळी झाली, तर वाफसा आला असे समजावे. गोळा चपटा होऊन तसाच राहिला किंवा माती हाताला चिकटली, तर थांबावे. शेतातील सखल जागी ही परीक्षा स्वतंत्रपणे करावी, कारण तेथे वाफसा उशिरा येतो.

निचऱ्याची सोय

पाऊस लागण्यापूर्वीच उताराच्या दिशेने चर काढून पाण्यास वाट द्यावी. हैदराबादजवळील पाटणचेरू येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेने भारी काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा व सरी पद्धत विकसित केली. तीत वरंबा व सरी मिळून सुमारे १५० सेंटिमीटर रुंदी असते. जास्तीचे पाणी सरीतून निघून जाते व पीक वरंब्यावर सुरक्षित राहते. चांगले कुजलेले शेणखत दिल्याने मातीची घडण सुधारते. चोपण जमिनीत मात्र माती परीक्षणानंतर शिफारशीप्रमाणे जिप्सम घालून निचऱ्याची जोड द्यावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही मुठीची परीक्षा बैठकीत सांगण्याऐवजी बांधावर जाऊन करून दाखवावी. वाफशासाठी थांबलेले दोन दिवस वाया जात नाहीत. ओल्या रानात केलेली पेरणी मात्र बियाणे, बैलांचे श्रम आणि हंगाम या तिन्हींची हानी करते.