बरं वाटतंय, मग पंप कशाला?

मंडळी, धुरावरून अग्नीचं अनुमान हे न्यायशास्त्रातलं उदाहरण आम्ही वर्षानुवर्षं शिकवलं. त्या धुरात स्वयंपाक करणारी बाई मात्र उदाहरणात कुठेच नव्हती! यवत परिसरात गुऱ्हाळं आहेत, चुलीही आहेत. विडीला हात न लावलेल्या बायकांनाही या धुराने सीओपीडी होऊ शकतो.

धाप लागल्यावर ओढतात ते साल्ब्युटामॉल. श्वासनळीचे आवळलेले स्नायू ते काही मिनिटांत सैल करतं, पण चार-सहा तासांत उतरतं. फॉर्मोटेरॉल सुमारे 12 तास टिकतं. सीओपीडीत देतात ते टायोट्रोपियम तर दिवसातून एकदाच. स्नायूला ‘आवळ’ असा निरोप जिथे पोचतो, ती जागाच ते अडवून बसतं आणि फार सावकाश सोडतं.

दम्यात मुळात नळीला आतून सूज असते. म्हणून तिथे फॉर्मोटेरॉल एकटं द्यायचं नाही, सोबत ओढायचं स्टेरॉइड हवंच. नाव ऐकून दचकू नका. साल्ब्युटामॉलचंच बघा ना: गोळी 4 मिलिग्रॅमची, पंपाचा एक झोत 100 मायक्रोग्रॅमचा, म्हणजे चाळिसावा हिस्सा! औषध थेट जागेवर पोचतं, म्हणून एवढंसं पुरतं. स्टेरॉइडही असंच मायक्रोग्रॅममध्ये असतं.

लोक म्हणतात, ‘बरं वाटतंय, आता बंद करू.’ अहो, बरं वाटणं हे त्या औषधाचं कार्य. तेच आपण ते सोडायचं कारण करतो! बंद करायचं की कमी, ते डॉक्टरांना ठरवू द्या. आणि स्टेरॉइड ओढलं की चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात बुरशी धरू शकते.