रक्ताचं नातं आणि रक्तदान

रक्तदान शिबिरात दिलेली पिशवी कोणाला चढवली जाणार, हे देणाऱ्याला ठाऊक नसतं. घेणाराही देणाऱ्याला ओळखत नाही. मग माणूस परक्यासाठी दंडात सुई का टोचून घेतो? उत्क्रांतीच्या अभ्यासकांना हा प्रश्न बराच काळ छळतो आहे.

आपल्या माणसांसाठी झीज का सोसावी, याचं उत्तर डब्ल्यू. डी. हॅमिल्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९६४ साली दिलं. सख्ख्या भावाबहिणींत सरासरी निम्मी जनुकं समान वारशानं येतात, चुलत-मामे भावंडांत एक अष्टमांश. नातलगाचा फायदा नात्याच्या या प्रमाणानं गुणावा. तो गुणाकार आपल्या तोट्याहून मोठा ठरला, तर त्यागाची वृत्ती पिढ्यान् पिढ्या टिकते. डंख मारून मरणारी कामकरी मधमाशी पोळ्यातल्या आपल्या आईला आणि भावंडांनाच वाचवत असते.

पण परक्याच्या बाबतीत हे गणित शून्यावर येतं. तिथे रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७१ साली दुसरं सूत्र मांडलं: आज मी तुला, उद्या तू मला. अमेरिका खंडातली रक्तपिपासू वटवाघळं दोन-तीन रात्री उपाशी राहिली तर मरतात. पोट भरलेलं वटवाघूळ उपाशी सोबत्याला प्यायलेलं रक्त ओकून भरवतं, आणि तो सोबती नात्यातलाच असतो असं नाही. मात्र ते एकमेकांना ओळखतात. रक्तपेढीत ओळखच नसते, तर परतफेड कुठली?

काहीजण म्हणतात, आपले पूर्वज लहान टोळ्यांत राहत. भेटेल तो नातलगच, म्हणून ती सवय आजही चुकून परक्यांपर्यंत पोचते. परंतु शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या ३२ समाजांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात एकत्र राहणाऱ्यांपैकी बरेचजण एकमेकांचे रक्ताचे नातलग नव्हते. म्हणजे परक्यांशी जमवून घेणं माणसाला नवं नाही. त्यासाठी त्यानं रीती, नावलौकिक आणि नियम उभे केले.

आपल्याकडचंच पाहा. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर, १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर देशात बंदी आली. दुसरीकडे, थॅलेसेमियाच्या गंभीर रुग्ण मुलाला साधारण दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं. बाप एकदा रक्त देऊन आला की तीन महिने पुन्हा देऊ शकत नाही, आई चार महिने. घरच्यांची माया कितीही असो, हिशेब जुळत नाही. ते मूल अनोळखी माणसांच्या भरवशावर वाढतं.

तेव्हा नात्याचा सिद्धांत खोटा नाही, अपुरा आहे. माया कुठून उगवली, हे तो सांगतो. ती कुठवर पोचवायची, हे मात्र समाज ठरवतो. म्हणूनच ती आपोआप टिकेल असं समजून चालणार नाही. शिबिरं भरवावी लागतात आणि आपल्यालाही बाही वर करावी लागते.