अणुचाचणीच्या ढगामागे कोणते विमान?

अणुस्फोटाच्या ढगातले कण हाती आले की स्फोटक युरेनियमचे होते की प्लुटोनियमचे, याचा उलगडा होतो. पण ते आणायला विमान कोणते निवडायचे?

पहिली कसोटी उंचीची. मेगाटन स्फोटाचा ढग १५ किलोमीटरच्याही वर जातो. म्हणून ब्रिटनने उंच उडणारी कॅनबेरा विमाने वापरली. दुसरी कसोटी पल्ल्याची. वाऱ्याने दूर नेलेला विरळ ढग शोधायला तासन्‌तास उडावे लागते. ३ सप्टेंबर १९४९ रोजी जपानहून अलास्काकडे निघालेल्या अमेरिकी बी-२९ च्या गाळणी-कागदावर किरणोत्सारी कण सापडले आणि सोव्हिएत संघाचा पहिला अणुस्फोट उघडकीस आला. तिसरी कसोटी वैमानिकांच्या सुरक्षेची: ताज्या ढगात माणसे कमी, वेळही कमी.

उरलेले कण पाऊस खाली आणतो. शास्त्रज्ञ देवेंद्र लाल मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विश्वकिरणांमुळे वातावरणात तयार होणाऱ्या बेरिलियम-७ सारख्या किरणोत्सारी अणूंचा अभ्यास करत. हे अणूही मुख्यतः पावसातूनच जमिनीवर येतात. आभाळाचा हिशेब असा पावसाच्या पाण्यातही लागतो.