पुलाच्या कमानींचें बंड

भूमितीचें नांव काढलें कीं पुष्कळांना शाळेंतला कंपास, पट्टी आणि अर्धवट पाठ झालेले सिद्धान्त आठवतात. त्रिकोण, चौकोन, वर्तुळ या निर्विकार वस्तु. त्यांना ना हर्ष ना खेद, असा सर्वसाधारण समज आहे. मनांतील भाव दाखवावयाचा तर माणसाचा चेहरा हवा, डोळ्यांत पाणी हवें, असेंच कोणीहि म्हणेल. हा समज कितपत खरा आहे याची परीक्षा पॉल क्ले या चित्रकारानें जन्मभर घेतली. आणि ती पंडिताच्या गांभीर्यानें न घेतां खेळणाऱ्या मुलाच्या वृत्तीनें घेतली.

क्लेचा जन्म १८ डिसेंबर १८७९ रोजीं स्वित्झर्लंडमधील बर्न शहराजवळ झाला. वडील जर्मन, पेशानें संगीतशिक्षक. आई स्विस, गायनाचें शिक्षण घेतलेली. मुलगा लहानपणापासून उत्तम व्हायोलिन वाजवी. संगीत कीं चित्रकला, हा प्रश्न त्याला बराच काळ सुटेना. अखेर त्यानें चित्रकला पत्करली. पण तालाची ओढ कायम राहिली. १९०६ सालीं लिली स्टुम्फ या पियानोवादिकेशीं त्याचा विवाह झाला. म्युनिक शहरांत ती शिकवण्या करून संसार चालवी, आणि क्ले घरीं स्वयंपाक करी, लहान मुलाला सांभाळी व उरल्या वेळांत चित्रें काढी. पुढें या मुलासाठीं त्यानें सुमारें पन्नास हातबाहुल्या केल्या. चिंध्या, प्लास्टर, हाडाचा तुकडा, जें हातीं लागेल त्यांतून माणसें उभीं राहत. त्याच्या चित्रांतील खेळकरपणा असा घरांतच वाढीस लागला.

१९१४ च्या एप्रिल महिन्यांत तो दोन चित्रकार मित्रांबरोबर उत्तर आफ्रिकेंतील ट्यूनिसियास गेला. प्रवास अवघा दोन आठवड्यांचा. पण पांढऱ्या भिंतींचीं सपाट घरें, मधूनच डोकें वर काढणारा घुमट आणि सर्वांवर पसरलेलें ऊन पाहून त्याची चित्र काढण्याची रीत पालटली. शहराची रचना आणि चित्राची रचना यांचा मेळ घालण्यास आपण आरंभ केला आहे, अशा आशयाची नोंद त्यानें रोजनिशींत केली आहे. तिचा अर्थ कठीण नाहीं. शहर म्हणजे एकमेकांस टेकून उभे राहिलेले चौकोन. घराची हुबेहूब प्रतिमा उतरविण्याऐवजीं, घरें ज्या न्यायानें एकमेकांना सांवरून धरतात तो न्याय कागदावर आणावा, असें त्यानें ठरविलें. रंगाचा एक चौकोन मांडला कीं त्याच्या शेजारीं कोणता शोभेल याचा विचार करावा लागतो. अरुंद गल्लींत नवें घर बांधणाराची अडचण याहून फारशी निराळी नसते.

१९२१ पासून क्ले जर्मनींतील बाउहाउस या संस्थेंत शिकवूं लागला. वॉल्टर ग्रोपियस या वास्तुशिल्पज्ञानें स्थापन केलेल्या या शाळेंत विणकाम, सुतारकाम, चित्रकला व गृहरचना यांचा विचार एकाच छपराखालीं होई. तेथें भूमितीला मोठा मान होता. क्लेनेंहि ती शिकविली. पण आपल्या पद्धतीनें. १९२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पाठ्यपुस्तकांत रेषेची ओळख करून दिली आहे ती फिरावयास निघालेल्या बिंदूच्या रूपानें. युक्लिडच्या रेषेला केवळ लांबी असते. क्लेची रेषा चालते, रेंगाळते, कधीं वाट सोडून भटकते. त्याचे चौकोनहि बहुधा हातानेंच काढलेले असत. त्यांची एक बाजू किंचित् झुकलेली, एक कोन थोडा ढिला. पट्टीनें आंखलेल्या चौकोनांत जें हरवतें, तें माणसाच्या हाताचें स्पंदन त्यांत शिल्लक राहतें.

याचा पडताळा घरबसल्या पाहतां येईल. कागदावर एक मोठें वर्तुळ काढावें व तें नारिंगी, पिवळ्या, गुलाबी, पांढुरक्या अशा तुकड्यांत विभागावें. आंत दोन गोल डोळे काढावेत, बुबुळें तांबडीं. एका डोळ्यावर भुंवई म्हणून त्रिकोण ठेवावा, दुसऱ्यावर बारीक वांकडी रेषा. तोंडाच्या जागीं दोन लहान चौकोन. १९२२ सालच्या ‘सेनेसिओ’ या त्याच्या चित्राचा हा साधारण आराखडा. मूळ चित्र बाझल येथील संग्रहालयांत आहे. नांवांत वार्धक्यसूचक लॅटिन शब्दाची छटा आहे. आतां तळहातानें अर्धा चेहरा झांकून पाहावा, मग दुसरा अर्धा. त्रिकोणाखालचा डोळा दचकल्यासारखा भासतो. वांकड्या रेषेखालचा विचारांत पडल्यासारखा. हात काढला कीं म्हातारपण दारांत आलेला, थोडा हास्यास्पद व थोडा केविलवाणा असा माणूस समोर राहतो. एक अश्रूहि न काढतां हें साधलेलें असतें.

हा खेळ निरुपद्रवी वाटतो. परंतु १९३३ सालीं हिटलरची राजवट येतांच तो गुन्हा ठरला. क्ले त्या वेळीं ड्यूसलडॉर्फच्या कलाशाळेंत प्राध्यापक होता. त्याच्या घराची झडती झाली, नोकरी गेली, आणि वर्षाच्या अखेरीस तो बर्नला परतला. त्याच वर्षीं त्यानें ‘यादींतून खोडलेला’ या नांवाचें चित्र काढलें. मिटलेले डोळे, घट्ट मिटलेले ओंठ, आणि डोक्यावर एक काळी फुली. फुलीपेक्षां साधी आकृति कोणती? दोन रेषा एकमेकींस छेदतात, एवढेंच. पण येथें त्या दोन रेषांखालीं एका माणसाचें आयुष्य आहे.

१८ जुलै १९३७ रोजीं म्युनिकमध्यें नव्या राजवटीच्या पसंतीच्या कलेसाठीं बांधलेल्या भव्य इमारतीचें उद्घाटन झालें. तिच्या दर्शनी बाजूस एकाच मापाच्या खांबांची लांबलचक रांग होती. दुसऱ्याच दिवशीं त्याच शहरांत ‘भ्रष्ट कला’ या नांवाखालीं नापसंत चित्रांची विटंबना करणारें प्रदर्शन उघडलें. त्यांत क्लेच्या १७ कृति होत्या. जर्मनींतील सार्वजनिक संग्रहांतून त्याच्या १०२ कृति जप्त झाल्या.

त्याच वर्षीं त्यानें ‘पुलाची क्रांति’ हें चित्र रंगविलें. तें आज हांबुर्गच्या संग्रहालयांत आहे. अनेक कमानींचा पूल कसा उभा राहतो हें येथें ध्यानांत घ्यावें. प्रत्येक कमान आपला भार बाजूला रेटते. शेजारची कमान उलट रेटून त्याला तोलते. म्हणून अशा पुलाच्या कमानी सहसा सारख्या मापाच्या करतात आणि कोणीहि जागा सोडूं शकत नाहीं. क्लेच्या चित्रांत मात्र कमानींना पाय फुटले आहेत. कोणी रुंद, कोणी उंच, कोणी नारिंगी, कोणी निळी. रांग मोडून त्या पाहणाराच्या दिशेनें चालत येत आहेत. प्रथम हसूं येतें. मग थोडी भीति वाटते. एका मापांत कोंडलेल्यांनीं रांग सोडली याचा आनंद आहे. पण त्या निघून गेल्यावर मागें पूल उरत नाहीं, हेंहि खरें आहे. क्लेनें दोन्ही गोष्टी दाखविल्या आणि निकाल पाहणारावर सोपविला.

या सुमारास त्वचा कडक करीत नेणाऱ्या रोगानें त्याला ग्रासलें होतें. १९३६ सालीं त्याच्या हातून जेमतेम पंचवीस चित्रें झालीं. तरी तो पुन्हा कामाला लागला, आणि १९३९ या एकाच वर्षीं त्याच्या यादींत १,२५३ कृतींची भर पडली. रेषा जाड व मोजक्या झाल्या, पण चालावयाच्या थांबल्या नाहींत. २९ जून १९४० रोजीं लोकार्नोजवळ त्याचें देहावसान झालें. ज्या देशांत तो जन्मला त्याचें नागरिकत्व त्याला तोंवर मिळालेलें नव्हतें.

भारताशीं त्याच्या कलेचा संबंध जुना आहे. १९२२ च्या डिसेंबरांत कलकत्त्यास बाउहाउसच्या कलावंतांचें प्रदर्शन भरलें, त्यांत क्लेचीं चित्रें होतीं. पुढें नागपुरास १९२४ सालीं जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंतून शिकून निघालेले वासुदेव गायतोंडे यांना आरंभींच्या काळांत क्लेच्या चित्रांनीं मोठी दृष्टि दिली. गायतोंडे यांनीं पुढें आपली स्वतंत्र वाट काढली. चांगल्या गुरूच्या शिष्यानें असेंच करावें.

अशा चित्रांपुढें उभें राहिलें असतां ‘हें कशाचें चित्र?’ हा प्रश्न घाईनें विचारूं नये. कोणता आकार कोणाला टेकला आहे, कोण रांगेंत आहे आणि कोणी रांग सोडली आहे, हें आधीं निवांतपणें पाहावें. आणि घरांतील मुलानें वांकड्या भिंतींचें घर काढून दाखविलें, तर तें सरळ करून देण्यासाठीं लगेच पट्टी हातांत घेऊं नये. त्या घरांत कोण राहतें, हें त्याला प्रथम विचारावें.